आक्काचा दिवा, माझा घोडा

घरात दुर्बीण आहे म्हटल्यावर टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमधल्या लोकांनी माझ्याबद्दल जे मत करून घेतलं, ते अजून बदललेलं नाही. तळमजल्यावरच्या वकिलांना वाटतं मी पत्रिका बघतो. ते जिन्यात गाठून शनी कुठवर आला असं विचारतात, आणि मी खरोखरच शनी कुठवर आला ते सांगतो, तेव्हा त्यांना माझं ज्ञान अपुरं वाटतं. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटतं मी त्यांच्या घरात बघतो. त्यांनी जाड पडदे घेतले. बायकोला मात्र काहीच वाटत नाही. ती एवढंच म्हणते, "इतरांचे नवरे निदान दारू पिऊन घरी तरी येतात."

खरी गोष्ट अशी की मी दुर्बिणीतून फारसा बघतच नाही. मी फोटो काढतो, आणि तेही चंद्राचे किंवा शनीचे नव्हेत, तेजोमेघांचे. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायूचे आणि धुळीचे ढग. काही स्वतः लालसर उजळतात, काही नुसतेच काळे असतात आणि मागच्या उजेडामुळे कळतात. नुसत्या डोळ्यांना यातलं जवळपास काही दिसत नाही. कॅमेऱ्याचं शटर पाच-पाच मिनिटं उघडं ठेवायचं, दुर्बीण मोटारीवर ताऱ्यांच्या मागोमाग फिरवत ठेवायची, असे शंभर-दीडशे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचायचे. एवढ्या खटाटोपातून शेवटी एक चित्र मिळतं. इंटरनेटवर त्याहून चांगलं चित्र फुकट मिळतं, हे मला माहीत आहे. कृपया कोणी सांगू नये.

टिळकवाडीत रात्रीही आकाश पिवळट असतं, म्हणून हिवाळ्यात अमावास्येच्या आसपास मी सगळं सामान गाडीत घालून गावच्या मळ्यात जातो. निपाणी-चिकोडी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव, आणि गावाबाहेर मळ्यात आमचं घर. भोवती ऊस, थोडी तंबाखू, पुढं खळं, बाजूला गोठा. तिथं माझी थोरली बहीण राहते. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे, दोन म्हशी आणि सहा एकर एकटी सांभाळते, आणि सूर्य मावळला की तिला काहीही दिसत नाही.

काहीही म्हणजे काहीही. दिवसा ती समोरच्याच्या शर्टाचं तुटकं बटण दाखवून त्याची अब्रू काढेल. दिवस बुडाला की तिला हात धरून न्यावं लागतं. आमच्या घरात हे वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही, याचं श्रेय आमच्या धर्माला. आम्ही जैन. दिवसाउजेडी जेवायचं, सूर्य मावळल्यावर तोंडात घास नाही, आठाच्या आत अंथरुणावर. अशा घरात एखाद्या पोरीला रात्रीचं दिसतं की नाही हे तपासायचा प्रसंगच येत नाही. ती अंधारात ठेचकाळली की आई तिला धांदरट म्हणायची. मुलीच्या दुखण्याचं तेवढं निदान तेव्हा पुरत असे.

सासर मिळालं तेही जैनच, पण व्यापारी. दुकान बंद करून रात्री नऊला जेवणारे. पहिल्याच आठवड्यात तिनं आमटी सासऱ्यांच्या वाटीऐवजी मांडीवर वाढली. लोक आधी हसले, मग त्यांनी पाळत ठेवली, आणि तिसऱ्या महिन्यात सासरे स्वतः येऊन तिला मोठ्या मानानं माहेरी पोहोचवून गेले. "त्यांनी धर्म पाळला असता तर माझा संसार टिकला असता," असं आक्का अजून म्हणते, आणि स्वतःच हसते. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, पण तिच्याबरोबर हसावं लागतं.

आकाश मला पहिल्यांदा तिनंच दाखवलं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. खळ्यावर मला मांडीवर घेऊन ती बोट वर करायची.

"ते बघ तिकांडं. गोठ्याच्या कौलावर, चिंचेच्या डाव्या अंगाला. तीन चांदण्या एका वळीत."

थंडीच्या दिवसांत तीन चांदण्या बरोबर तिथं असायच्या. मृग नक्षत्राच्या मधोमध एका ओळीत तीन तारे दिसतात, ते हे. पण ती श्रावणातही बोट तिथंच करायची.

"आक्का, तितं काय न्हाय."

"हाय रं. नीट बघ."

मी नीट बघायचो. डोळे चोळून बघायचो. काही दिसायचं नाही, आणि माझेच डोळे कच्चे आहेत असं समजून मी गप्प बसायचो. डोळे चांगले असताना कधीतरी पाहिलेली जागा ती मला पाढ्यासारखी पाठ म्हणून दाखवत होती, हे ती सासरहून परत आल्यावर समजलं. त्यानंतर बरीच वर्षं मी तिला त्यावरून चिडवलं. आमच्याकडं माया दाखवायची हीच रीत आहे.

तीनेक वर्षांपूर्वी मी तिला बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, जन्माचा आहे, औषध नाही. आता दिवसाचंही कडेकडेनं जात राहील, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरेल, आणि पुढं तेही उरेल असं धरून चालू नका. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही. परतताना संकेश्वर येईपर्यंत आक्का आळीपाळीनं एकेक डोळा झाकून रस्ता बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे आता घरात दोन नळ्या झाल्या. तुझी इकत घेतलेली, माझी फुकटची." आणि जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, "त्यो तुझा घोडा तेवढा दाव बाबा. दिसतंय तवर."

घोडा म्हणजे तिच्याच त्या तिकांड्यातल्या टोकाच्या ताऱ्याला लागून असलेला तेजोमेघ. मागं लाल ढग आणि त्यापुढं काळ्या धुळीचा एक लोट, हुबेहूब घोड्याच्या मानेसारखा. मी तिला त्याच्याबद्दल इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला तो आमच्या गोठ्यातलाच वाटत असावा. मी म्हणालो, दाखवतो. त्या दिवसापासून मला माझ्या छंदाचं एक उदात्त कारण मिळालं. बायको काही बोलली की मी आक्काचं नाव पुढं करू लागलो.

शेतात उभं राहून विश्वाचे फोटो काढणं वाटतं तितकं काव्यमय नसतं. दुर्बीण बसवायला ध्रुव दिसावा लागतो, आणि आमच्या बाजूला ध्रुव क्षितिजापासून फार वर नसतो. घराच्या उत्तरेला ऊस. तो उभा असेपर्यंत ध्रुव उसात. म्हणजे ज्या ताऱ्याभोवती सगळं आकाश फिरतं, तो मला दिसावा की नाही हे साखर कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठीवर ठरतं. चिठ्ठी आली, टोळी आली, ऊस गेला, की शेजारचे पाचट पेटवतात. धूर विरला की दव पडतं. दवानं भिंग धुरकटतं म्हणून आक्कानं जुन्या लुगड्यांची एक छोटी वाकळ शिवून दुर्बिणीला घातली. पुढं तोंडापुरतं भोक. असं उपकरण जगातल्या कुठल्याही वेधशाळेत नसेल.

आणि मला अंधार पूर्ण लागतो. ओट्यावर एक बल्ब आहे, त्याच्या उजेडात आक्का चाचपडत गोठ्यापर्यंत आणि संडासापर्यंत जाते. मी आलो की तो बंद. हे तिला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फार नम्रपणे, शास्त्रीय कारणांसह सांगितलं. पुढच्या अमावास्येला गेलो तर दाराच्या कडीपासून गोठ्याच्या मेढीपर्यंत, आणि तिथून संडासापर्यंत, बैलाचा जुना कासरा कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेला होता.

"तू तुजा अंधार कर," ती म्हणाली. "माजी सोय झालीया."

मी तिच्या युक्तीचं कौतुक केलं. कौतुकाशिवाय आणखी काही करता आलं असतं, हे मला सुचलं नाही. दोन हिवाळे ती तो कासरा धरून ये-जा करत होती आणि मी पाठमोरा, आकाशातून घोडा गोळा करत होतो. अकरा तासांचे फोटो जमले. मला पंधरा हवे होते. अकरा तासांत घोडा स्पष्ट आला होता, पण नाकाजवळ जरा रवाळ दिसत होता, आणि आक्काला दाखवायचा तर चांगलाच दाखवायचा, असं मी ठरवलं होतं.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी बेळगावात एका सरकारी कचेरीत कारकून आहे. दिवसभर कन्नडमधून टिपणं लिहितो. त्यामुळं मळ्याच्या वस्तीवरचे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं येतात. आमच्याकडं भांडण मराठीत करता येतं, अर्ज मात्र कन्नडमधून द्यावा लागतो. गटारीचा, बसथांब्याचा, ओढ्यावरच्या मोरीला कठडा बांधण्याचा, असे कितीतरी अर्ज मी वस्तीसाठी लिहिले. एकही मंजूर झाला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण अर्जाचं पुढं काय होतं हे कारकुनाइतकं कुणाला ठाऊक असणार? माझ्याही टेबलावर अशांचा गठ्ठा आहे. आमचे साहेब त्याच्याकडं बघून "नोडोण" म्हणतात. नोडोण म्हणजे बघू. एकदा नोडोण झालं की अर्ज सुखानं पिवळा पडत जातो.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात वस्तीनं तिठ्यावरच्या दिव्यासाठी अर्ज लिहायला सांगितलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. तिठा आमच्या खळ्यापासून पन्नास पावलांवर. तिथं दिवा लागला तर माझं आकाश संपलं. पण लागतो थोडाच? आक्काही म्हणाली, "लिव की. पाटंचं बस्तीला जाताना मोरीवर लई भ्या वाटतंय." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. ती रोज पहाटे अभिषेकाला जाते, आणि थंडीत सहा वाजता मोरीवर मिट्ट काळोख असतो.

मी लिहायला बसलो आणि वाहवत गेलो. होणारच नसलेल्या कामाचा अर्ज माणूस मोकळ्या हातानं लिहितो. त्यात साप घातले. शाळकरी मुलांचं भवितव्य घातलं. शेवटी एका अंध भगिनीचं, पहाटेच्या काळोखात देवदर्शनाला निघालेल्या असहाय स्त्रीचं, असं चित्र उभं केलं की पंचायतीच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. ते आलं असणार. कारण माझ्या सगळ्या कारकिर्दीत मंजूर झालेला तो पहिला अर्ज.

मी मागितला होता एक दिवा. आला हायमास्ट. चाळीस फुटी खांब आणि वर सहा पांढरेशुभ्र दिवे. खांबासाठी तिठ्यावरची जुनी चिंच तोडली. पंचायतीचे मेंबर आमच्या वस्तीवरचेच, मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा फोन आला. "साहेब, तुमच्या अर्जीनं झालंय हे. बटन तुमीच दाबायचं." नाही कसं म्हणणार? मला शाल दिली, नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला, आणि अण्णांनी भाषणात माझ्या लेखणीचं कौतुक केलं. मी बटण दाबलं. सहाच्या सहा दिवे पेटले. टाळ्या झाल्या. मी सवयीनं वर बघितलं. वर काही नव्हतं.

आक्का शेजारी माझा हात धरून उभी होती. तिनं हात सोडला. एकटी चालत मोरीपर्यंत गेली आणि परत आली. मग पुन्हा गेली आणि पुन्हा आली. दिवस मावळल्यावर ती अशी हात हलवत चाललेली मी जन्मात बघितली नव्हती. मला खूप आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण घरी येऊन फेटा काढताना पहिला विचार घोड्याचा आला, हेही खोटं नाही.

पुढचा महिना मी विज्ञाननिष्ठ माणसाला शोभतील ते सगळे उपाय केले. खळ्यावर बांबू रोवून ताडपत्री बांधली. उजेड तिच्यावरून उडी मारून आला. कॅमेऱ्यात पांढऱ्या धुक्याखेरीज काही येईना. एका रात्री सामान घेऊन पार ओढ्यापलीकडच्या तुकड्यात गेलो. तासाभरात चारी बाजूंनी बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन माणसं आली. त्या भागात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, आणि रात्री वायरी पसरून शेतात बसलेला माणूस दुसरं काय करत असणार? मी तेजोमेघ समजावून सांगायला लागलो तशी त्यांची खात्रीच पटली. शेवटी कुणीतरी मला ओळखलं. "आरं, हे तर हायमास्टवालं साहेब." त्या नावानं मी वाचलो.

मग मी मेंबरांकडं गेलो. म्हटलं, "अण्णा, अमावास्येच्या एका रात्रीपुरता दिवा बंद ठेवता येईल का?" अण्णांनी शांतपणे मोबाईल काढला. त्यात माझ्या अर्जाचा फोटो होता. इतर गावांच्या मेंबरांना नमुना म्हणून ते तो दाखवत असत. त्यांनी शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि मराठीत विचारलं, "दिवा नसला तर ह्या अंध भगिनीच्या जीवाला धोका हाय, हे कुणी लिवलंय?"

"मी."

"मग धोका गेला का आता?"

मी म्हणालो, फक्त एक रात्र. ते म्हणाले, तसा अर्ज द्या. मी दिला. माझ्याच अर्जाविरुद्ध, माझ्याच अक्षरात, एका रात्रीच्या अंधारासाठी. या खेपेला साप नव्हते, भगिनी नव्हती, एकही विशेषण नव्हतं. अण्णांनी तो वाचून घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "नोडोण."

घरी येऊन मी आक्कापुढं सगळ्या शासनव्यवस्थेचा उद्धार केला. ती शेंगा फोडत ऐकत होती. "किती तास पायजेत तुला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, चार. ती म्हणाली, "बरं." मला वाटलं विषय संपला.

डिसेंबरची अमावास्या आली. यंदा उत्तरेच्या उसाला तोड लवकर मिळाली होती, धूर नव्हता, आकाश धुतलेलं. मी आशेपेक्षा सवयीनं सामान मांडलं. संध्याकाळी सातला हायमास्ट लागायचा. सात वाजले, सव्वासात झाले, तिठ्यावर अंधारच. हळूहळू आकाश भरत गेलं. मी आत जाऊन आक्काला सांगितलं, अर्ज मंजूर झाला. कारकुनी पेशात तीस वर्षं घालवून एका वर्षात दोन अर्ज मंजूर करून घेतलेला माणूस दुसरा नसेल, असंही सांगितलं. ती अंथरुणावर बसली होती. "हुशार हाईस," ती म्हणाली.

नऊच्या पुढं मृग चांगला वर आला. चार तास एकही फ्रेम वाया गेली नाही. दीडच्या सुमारास सगळं आवरून वाकळ घडी करून ठेवली आणि जाऊन झोपलो. गेल्या कित्येक वर्षांत इतका गाढ झोपलो नव्हतो.

जाग आली ती म्हशींच्या ओरडण्यानं. झुंजुमुंजू झालं होतं, धारेची वेळ टळत होती आणि आक्का घरात नव्हती. मी बाहेर आलो. ती तिठ्याकडून येत होती, कडेच्या उसाला एक हात लावून, पाय चाचपून टाकत. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात, गुडघा फुटलेला, डावं मनगट उजव्या कुशीत घट्ट धरलेलं. देवापुढं वाहायच्या तांदळाची वाटी रिकामीच कमरेला खोचलेली होती. तिच्या मागं हायमास्ट बंदच होता.

"उगं जरा पाय घसरला मोरीवर," ती म्हणाली.

"दिवा का नाही लागला अजून?"

"वायरमन सातला येतो म्हणलाय."

"तुला काय माहीत?"

ती ओट्यावर बसली. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मीच गेल्ते त्याच्या घरला, सोमवारी. म्हणलं, त्यो दिवा माझ्या नावानं लागलाय न्हवं? मग एक रात माझ्या नावानं बंद ठेव. चांगला हाय बिचारा. पन पाटंचं काय उठायचं हुईना म्हणाला."

मी विचारलं, मला का उठवलं नाहीस. तर, तू रातभर जागलेला. मग गेलीस कशाला, एक दिवस चुकला असता. तर, नेम हाय. मी चिडलो. तिच्यावर ओरडलो, वायरमनवर ओरडलो, मोरीला कठडा नाही म्हणून पंचायतीवर ओरडलो. कठड्याचा अर्ज मीच लिहिला होता हे तेवढ्यात आठवलं. तो साधा लिहिला होता, त्यात भगिनी घातली नव्हती. मग ओरडणं थांबवलं. लाज वाटली, आणि ती कुणाला सांगावी हे कळेना. दिव्यासाठी केलेल्या अर्जात मी तिला परक्यांना रडवण्याइतकी असहाय दाखवली होती. घरात मी तिला कासऱ्यावर सोडलं होतं.

माझा दुसरा अर्ज अजून अण्णांच्या खिशात आहे.

निपाणीला नेऊन मनगटाला प्लास्टर घातलं. मी आठवडाभर रजा टाकून मळ्यात राहिलो. म्हशींनी मला पहिल्या दिवशीच ओळखलं आणि निम्मं दूध चोरलं. रात्री बसून पंधरा तासांचे फोटो रचले. घोडा आला, नाकासकट. मी ते चित्र निपाणीच्या स्टुडिओत दोन फूट बाय तीन फूट छापून घेतलं. स्टुडिओवाले म्हणाले, "फोटो हाललाय वाटतं, नुसता धूर आलाय." तरी त्यांनी फ्रेम चांगली केली.

सकाळी दहाच्या उन्हात आक्का खळ्यावर बसली. फ्रेम मांडीवर घेतली आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडं नेऊ लागली.

"हितं लाल. हितं बी लाल. हितं एक चांदणी हाय मोठी." मग खाली. "हितं काळं." पुन्हा वर. "घोडा कुटं हाय?"

मी तिचं बोट धरून मानेवरून फिरवलं. ती बोटामागून नजर नेत होती. नाक आलं की मान सुटायची, मान आली की नाक सुटायचं. तिच्या नळीत एका वेळी मावेल एवढंच तिला दिसत होतं.

"लई मोटा केलास रं," ती म्हणाली. "बारीक आणायचा हुतास."

मी मोबाईल काढला आणि चित्र बोटभर करून तिच्यासमोर धरलं. तिची मान हलायची थांबली. मग म्हणाली, "हां." मोबाईलच्या त्या तुकड्यात पंधरा तासांचा घोडा आणि अकरा तासांचा घोडा यांत काही फरक नव्हता. मी नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघितले. नव्हता. अकरा तासांचा गेल्या वर्षभर माझ्या खिशात होता.

"काळं हाय त्योच न्हवं घोडा?"

"व्हय."

"म्हंजे अंधारच की."

"अंधारच. मागं उजेड हाय म्हणून दिसतोय."

"अंधार तर मला रोज दिसतोय," आक्का म्हणाली. "त्यापायी एवढा जागलास व्हय?" पण मोबाईल तिनं परत दिला नाही. म्हशींना वैरण घालायची वेळ होईपर्यंत तो तिच्या हातात होता, आणि स्क्रीन काळा पडला की ती मला पुन्हा लावून द्यायला सांगत होती.

त्या संध्याकाळी आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवलो आणि खळ्यावर बसलो. मी ओट्याजवळचा कासरा सोडायला घेतला तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लाईट जाती की." सातला हायमास्ट लागला. वायरमनला मी बजावून आलो होतो, कुणी काहीही सांगो, मी स्वतः येऊन सांगितलं तरी, तो बंद करायचा नाही. खळं पांढरंफेक झालं. आक्कानं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

"ते बघ तिकांडं. गोठ्याच्या कौलावर, चिंचेच्या डाव्या अंगाला."

दिवस थंडीचे होते, वेळही बरोबर होती, तिचं बोट बरोबर जागेवर होतं. चिंचेच्या जागी सहा दिवे जळत होते. मी डोळे बारीक केले, हात आडवा धरला, डोळे चोळून पुन्हा बघितलं.

"दिसतंय न्हवं?" तिनं विचारलं.

"दिसतंय," मी म्हणालो.